मागचा ब्रेक ड्रम निघत नाही? हातोडा उचलायच्या आधी तो फिरवून पाहा

पोळा फुटला की आमच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या. सोयाबीनच्या शेंगा भरल्या का ते चिमटून पाहायला रोज शेतात चक्कर, आणि शेडमधली मारुती ऑम्नी बाहेर काढायला जावं तर तिचं मागचं डावं चाक जागचं न हलणं.

गाडी २००४ची, एमएच-२९, म्हणजे यवतमाळ पासिंगची. गाव दारव्ह्याकडचं, जमीन काळी. मृग लागला की पांदणीचा चिखल होतो आणि चारचाकीला शेतात काम उरत नाही. पेरणीच्या दिवसांत बियाण्याच्या थैल्या, खताच्या गोण्या वाहून झाल्या की ती कोठ्याला लागून असलेल्या टिनाच्या शेडात उभी राहते, ती पोळ्यापर्यंत. खालून माती थापलेली, त्या मातीत सांडलेलं खत, बाजूला जनावरांची ओल. काळी माती पाणी धरून ठेवते, लवकर सोडत नाही. त्यात खताचा क्षार मिसळला की लोखंडाचं काही खरं नाही. उभ्या लोखंडाचं पावसात काय होतं ते आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको, शकुंतला रेल्वेचे रूळ सगळ्यांनी पाहिलेत.

पहिल्या वर्षी मी घण घेतला. चाक काढलं, ड्रमच्या मागच्या काठावर आडवे घाव घातले. पाचव्या-सहाव्या घावाला काठाचा बोटभर तुकडा उडून कोठ्याच्या भिंतीला लागला. ड्रम तरीही जागेवरच. मग सब्बल घातली, तर ड्रमच्या मागची पत्र्याची प्लेट वाकली. शेवटी तालुक्याहून मिस्त्रीला आणलं. त्यांनी सामानाची पिशवी खाली ठेवायच्या आधीच विचारलं, "काहून ठोकून रायला बावा? बीड हाय ना थे. फिरते का नाई, थे पाय ना आंधी."

मला तेव्हा त्यातला अर्धाच भाग कळला. ड्रम बिडाचा असतो, म्हणजे ओतीव लोखंडाचा. तो वाकत नाही, फुटतो. पण 'फिरतो का ते पाहा' हा भाग जास्त महत्त्वाचा होता. ड्रम तीन वेगवेगळ्या ठिकाणी अडकू शकतो. कुठे अडकलाय हे तो फिरवल्यावर कळतं, ठोकल्यावर नाही.

आत काय असतं

आमच्याकडे गंज म्हणजे स्वयंपाकाचं पातेलं, आणि लोखंडाला चढतो त्याला सगळे जंग म्हणतात. ड्रम म्हणजे आडवा धरलेला गंजच समजा. त्याच्या बुडाला मधोमध गोल भोक असतं, ते ॲक्सलच्या टोकाच्या चकतीच्या (फ्लॅंजच्या) मधल्या उंच कड्यावर, म्हणजे कॉलरवर, नेमकं बसतं. ड्रम मध्यावर राहावा म्हणून ही बसणी मुळातच घट्ट ठेवलेली असते. गंजाच्या पोटात दोन शू असतात, अर्धगोल. पॅडल दाबलं की व्हील सिलिंडर त्यांना बाहेर ढकलतो आणि ते आतल्या भिंतीला घासतात. हँडब्रेकची केबल तेच काम एका पट्टीमार्फत करते.

जंग चढला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. कॉलर आणि भोक यांच्यात केसाएवढी फट असते, ती जंगाने भरते आणि आतून पाचर मारल्यासारखी बसते. हे पहिलं ठिकाण. दुसरं म्हणजे शू: हँडब्रेक ओढून गाडी दोन महिने उभी राहिली की शूवरचा घासणारा थर, म्हणजे लायनर, ड्रमला चिकटतो, किंवा केबल गंजून परतच येत नाही. तिसरं ठिकाण काठाचं. वर्षानुवर्षं शू घासून ड्रमच्या आत खाच पडते आणि जिथे शू पोचत नाही तिथे, मागच्या उघड्या काठाजवळ, एक कंगोरा उरतो. ड्रम बाहेर ओढला की हा कंगोरा शूच्या कडेला अडतो.

आधी गाडी पक्की उभी करा

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. या कामाला हँडब्रेक सोडावाच लागतो. लोक म्हणतात, मग गिअरमध्ये टाकू. ऑम्नी मागच्या चाकांवर चालते आणि मध्ये डिफरन्शियल आहे, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरपेटी. एक मागचं चाक उचललं की ते मोकळं फिरतं, आणि जमिनीवरचं दुसरं चाक गिअर असूनही गाडी धरत नाही. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून गोटे लावा, चांगले मुठीपेक्षा मोठे. जॅकखाली जाड फळी ठेवा, काळ्या मातीत जॅक रुततो. ॲक्सलखाली घोडी किंवा सागाचा ठोकळा. विटा नकोत, वीट दाबाने कधी फुटेल सांगता येत नाही. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करून घ्या.

मग न्यूट्रल, हँडब्रेक खाली, चाक बाहेर, आणि दोन्ही हातांनी ड्रम फिरवायचा.

मारुती ८०० असेल तर इथेच थांबा, तिची गोष्ट वेगळी. ती पुढच्या चाकांवर चालते, मागे ड्रम आणि हब एकच असतं आणि बेअरिंग ड्रमच्या पोटात. मधली टोपी, कॉटर पिन आणि मोठा नट काढल्याशिवाय तो येणारच नाही. ओळखीतल्या एकाने नट तसाच ठेवून तासभर ठोकलं होतं. काही जुन्या गाड्यांत ड्रमच्या तोंडावर, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या सपाट बाजूवर, चपट्या डोक्याचे पेच असतात, ते मातीखाली झाकलेले असतात. तेही आधी तारेच्या ब्रशने घासून शोधा.

ड्रम मोकळा फिरतो, पण बाहेर येत नाही

म्हणजे शू सुटलेले आहेत, मध्ये कॉलरला जंगाने धरलंय. शू सुटले तरी आमच्या गाडीत दर वर्षी हे दुखणं उरतंच, आणि तिघांत सगळ्यात सोपं हेच.

ड्रमच्या तोंडाकडे नीट पाहा. चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या स्टडांच्या मधे समोरासमोर दोन छोटी भोकं दिसतील. ती मातीने भरलेली असतात, म्हणून मला पहिल्या वर्षी दिसलीच नाहीत. त्या भोकांना आटे असतात, ८ मिमीच्या बोल्टचे, १.२५ पिचचे. कंपनीने ती ड्रम काढण्यासाठीच ठेवलीत. त्यात दोन बोल्ट पिळले की त्यांची टोकं मागच्या फ्लॅंजवर टेकतात आणि ड्रम स्वतःच मागून ढकलला जातो. हार्डवेअरच्या दुकानातल्या बोल्टला १३चा पाना लागतो, मारुतीच्या बोल्टचं डोकं त्याच आट्याला १२चं असतं. दोन्ही पाने जवळ ठेवा, नाहीतर अर्ध्यातून घरी पळावं लागतं.

पण घाई नको. आधी खिळ्याने भोकांतली माती कोरून काढा आणि तेलाचा थेंब सोडा. आटे जंगलेले असतील तर आटे पाडायचा टॅप फिरवून घ्या. टॅप नसेल तर एका चांगल्या बोल्टच्या आट्यांवर हॅक्सॉ ब्लेडने लांबीच्या दिशेने एक खाच पाडा. तो बोल्ट आत-बाहेर फिरवला की खाचेत जंग गोळा होऊन निघतो. आटे एकदा मारले गेले की हा रस्ता बंद, मग ड्रम ओढून काढायचा पुलर शोधत फिरावं लागतं.

मधल्या कॉलरभोवती जंग सोडवायचा स्प्रे मारा. डब्ल्यूडी-४० चालतं, तेही नसेल तर डिझेल. मात्र थोडंच, फक्त कॉलरवर आणि स्टडांच्या मुळाशी. तेल आत गळून लायनरवर गेलं की लायनर बाद. शक्य असेल तर संध्याकाळी मारून रात्रभर राहू द्या. हे वाचायला कंटाळवाणं वाटतं, पण माझा अनुभव असा की एका रात्रीने जे काम होतं ते दोन तासांच्या ठोकाठोकीने होत नाही.

सकाळी दोन्ही बोल्ट हाताने टेकेपर्यंत पिळा. मग एकाला पाव फेरा, दुसऱ्याला पाव फेरा, आळीपाळीने. एकच बोल्ट कसत गेलात तर ड्रम तिरपा होऊन कॉलरवर आणखी आवळतो. बोल्ट जड लागायला लागला की थांबा आणि ड्रमच्या तोंडावर, स्टडांच्या मधल्या सपाट भागावर, मध्यम हातोडीने गोल फिरत टकटक करा. घाव जोराचा नको, सारखा हवा. ताण बोल्टने द्यायचा, थरथर हातोडीने. काठावर मारायचं नाही, स्टडवर तर अजिबात नाही. सुरुवातीला हातोडीचा आवाज टणक येतो. मध्येच एका टोल्याला तो बदलतो, जरासा भोंगळ होतो, आणि कॉलरभोवती तपकिरी भुकटीची बारीक रेघ दिसते. ती रेघ दिसली की ड्रम सुटला समजा. पुन्हा पाव-पाव फेरा.

तरीही हलला नाही तर मिस्त्रींनी सांगितलेला घरगुती उपाय आहे. आईला गंजभर पाणी उकळायला लावायचं आणि ते ड्रमच्या मधल्या भागावर हळूहळू ओतायचं, बोल्ट ताणलेले असतानाच. हिशोब केला तर फार काही होत नाही: ६० मिमीचं भोक ७० अंशांनी तापलं तर जेमतेम ०.०५ मिमी वाढतं, शिवाय आतली कॉलरही थोडी तापतेच. पण जंगाची खपली मोडायला कधी कधी तेवढंच कमी पडत असतं. आमच्या आईचं म्हणणं, जंग काढायला गंज नासवला. तेव्हापासून त्यासाठी वेगळा जुना गंज ठेवलाय.

गॅस कटरने ड्रम लाल करणारे कारागीर आहेत. मी करू देत नाही. आत ब्रेक ऑइल, रबरी कप, ॲक्सलचं सील, आणि बऱ्याच ऑम्नींना गॅस किट. एक ड्रम वाचवायला गाडी पेटवायची का?

ड्रम फिरतच नाही

मग कॉलरवर कितीही बोल्ट पिळा, उपयोग नाही. उलट तोंड तडकेल. इथे शूने धरलंय.

गाडीखाली जाऊन मागच्या प्लेटवर हँडब्रेकची केबल जिथे आत जाते ती पट्टी पाहा. आत लिव्हर खाली असूनही पट्टी ओढलेलीच असेल तर केबल आवरणात गंजली आहे. पेचकसाने पट्टी परत ढकला. गेली आणि ड्रम फिरला, तर दोष केबलचा, आणि ती बदलायचीच आहे हे आत्ताच लिहून ठेवा. तेल घालून केबल दोन महिने चालते, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

केबल ठीक असेल तर तिचा समायोजनाचा नट सैल करा. मग मागच्या प्लेटवरचं रबरी बूच काढून आत पेचकस घाला. आतल्या ॲडजस्टरची रचना गाडीगणिक बदलते. कुठे दातांची चकती असते, कुठे आपोआप सरकणारी पट्टी. काम एकच, शूला आत यायला जागा करून देणं. उजेडाची बॅटरी (टॉर्च) धरायला दुसरं माणूस हवं. आमच्याकडे हे काम पुतण्याचं, आणि तो बॅटरी हमखास माझ्या डोळ्यांत मारतो.

लायनरच ड्रमला चिकटला असेल तर ड्रमच्या गोल अंगावर लाकडी ठोकळा धरून त्यावर हातोडी मारा, चहूबाजूंनी. बहुतेक वेळा टक् आवाज होतो आणि सुटतो. गाडी रस्त्यावर असेल तर पुढे-मागे हलवून असाच टक् काढता येतो, आणि लोक तिथेच खुश होऊन निघून जातात. तसं करू नका. कधी कधी लायनर शूवरून निघून ड्रमलाच चिकटलेला राहतो. ड्रम उघडून पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

एक कारण क्वचित, पण दोन्ही मागची चाकं एकदम जाम असतील तर आठवायचं. मागच्या ॲक्सलकडे जाणारा रबरी होस आतून फुगला की पॅडल सोडल्यावरही दाब परत येत नाही. व्हील सिलिंडरचा ब्लीड निप्पल, म्हणजे हवा काढायचा छोटा पेच, अर्धा फेरा सैल करा. ऑइलची पिचकारी उडाली आणि ड्रम मोकळा झाला, तर ड्रमला दोष देऊ नका, होस बदला. नंतर हवा काढावी लागेल, त्यासाठी नवं ब्रेक ऑइल आधीच आणून ठेवा.

फिरतो, बोटभर बाहेर येतो, आणि अडतो

हा कंगोरा. सब्बल घालून ओढायचा मोह इथेच सगळ्यात जास्त होतो, कारण ड्रम 'आलाच' असं वाटतं. ओढला तर शू धरून ठेवणाऱ्या पिना आणि स्प्रिंगा वाकतात. ड्रम पुन्हा आत ढकला, वर सांगितल्याप्रमाणे बुचातून ॲडजस्टर पूर्ण मागे घ्या आणि मग ड्रम हळूहळू फिरवत, हलवत बाहेर काढा.

आणि काहीच जमलं नाही तर शेवटचा मार्ग. मागच्या प्लेटच्या बाहेरून शूच्या पिनांची छोटी डोकी दिसतात, दोन असतात. ती छिन्नीने उडवली की शू आतून सुटे होतात आणि ड्रम शूंसकट बाहेर येतो. पिना आणि स्प्रिंगा नव्या टाकाव्या लागतात, पण ते फुटलेल्या ड्रमपेक्षा स्वस्तच पडतं.

निघाल्यावर

आतली काळी भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने किंवा तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं. साबणाचं पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला रुमाल बांधा, आणि ते फडकं धुऊन पुन्हा वापरू नका.

व्हील सिलिंडरची रबरी टोपी बोटाने किंचित उचलून पाहा. आत ओलं असेल तर सिलिंडर गळतोय. कंगोरा मोठा असेल तर ड्रम लेथवर नेऊन घासून घ्या, पण आधी ड्रमवर उठावदार अक्षरांत लिहिलेला कमाल व्यास वाचा. त्याच्या पुढे गेलेला ड्रम घासायचा नाही, भंगारात द्यायचा. लेथवाला सांगेल 'चालते', त्याचं ऐकू नका. पातळ ड्रम तापला की तडकतो.

आता जे काम न केल्यामुळे हे दुखणं दर वर्षी परत येतं, आणि जे गॅरेजमध्ये सहसा कोणी करत नाही, ते. फ्लॅंजची कॉलर आणि ड्रमच्या भोकाचा आतला काठ पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. मग त्यावर तांब्याचं अँटी-सीझ ग्रीस, बोटाने पुसल्यासारखं पातळ. थापायचं नाही; जास्त झालेलं फिरताना उडून लायनरवर जातं. मागच्या प्लेटवर शू जिथे टेकतात त्या उंचवट्यांवरही नखाएवढं ग्रीस. आणि त्या दोन आट्यांच्या भोकांत ग्रीसचं बोळं भरून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी माती कोरावी लागणार नाही.

चाक बसवताना नट समोरासमोरचे कसा, आणि पन्नासेक किलोमीटर झाल्यावर एकदा पुन्हा पाना लावून पाहा. रस्त्यावर जायच्या आधी पॅडल पाच-सहा वेळा दाबून कडक होतं का ते बघा, अंगणातच.

पावसाळ्यासाठी माझा नियम असा. मृगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, दोन्ही ड्रम एकदा काढून घालायचे, ते अडकलेले नसतानाच. गाडी धुतली की लगेच उभी करायची नाही; गावाच्या वेशीपर्यंत जाऊन यायचं, वाटेत ब्रेक हलके दाबत, म्हणजे लायनर कोरडे होतात. आणि शेडात ठेवताना हँडब्रेक ओढायचा नाही. पहिला गिअर टाकायचा, चाकाला गोटा लावायचा. आमच्या शेडाची जमीन सपाट आहे. उतारावर गाडी ठेवणाऱ्यांनी गोटे दोन्ही बाजूंनी लावावेत.

यंदा डावा ड्रम हाताने ओढल्यावर आला. उजव्याला बोल्ट लागले, दोन-दोन पाव फेरे, ठोकावं लागलं नाही. उजव्या बाजूची हँडब्रेक केबल मात्र अजून जड आहे, पट्टी पेचकसाने ढकलावी लागते. सोयाबीन विकलं की ती बदलतो.